उंबऱ्याच्या आतलं सभागृह

माझ्या बापाने आणि माझ्या चुलत्याने मिळून मला फसवलं. एकाने फसवलं आणि दुसरा बघत बसला, असं झालं नाही. दोघांनी ठरवून, एका कपातला चहा अर्धा अर्धा पिऊन फसवलं. जनावरांच्या बाजारात मला फसवायला आलेले पुष्कळ भेटले. त्यांचं तोंड मी तिथल्या तिथे बंद केलं आणि घरी येऊन विसरून गेले. हे मात्र विसरता आलं नाही. आज माझे गुडघे दुखतात, मानवतच्या बाजारात माझ्यासाठी कोणीतरी खुर्ची आणून ठेवतं, आणि तरी त्या सकाळचा जिंतूरचा स्टॅंड डोळ्यांसमोर आला की माझं डोकं आजही फिरतं.

आमच्या घरात चार माणसं होती. बाप, म्हणजे आबा. त्याचा धाकटा भाऊ तात्या. तात्याची बायको, माझी काकी. आणि मी. आई मी चौथीत असताना गेली. काकीला मूल झालं नाही. मेंढरं आमची साठ-सत्तर, शेळ्या वेगळ्या. घरात सगळीकडे लोकरीचा वास. भाकरीला, अंथरुणाला, माझ्या वह्यांनासुद्धा तोच वास यायचा, आणि शाळेतल्या मुली माझ्या बाकावर बसायच्या नाहीत त्याचं एक कारण तेच होतं. संध्याकाळी मेंढरं वाड्यात कोंडली की कोकरं आयांना शोधत ओरडायची, आया कोकरांना हाका मारायच्या. एवढ्या गलक्यात प्रत्येकीला आपलं पोर बरोबर सापडायचं. घडीभराने सगळं शांत व्हायचं आणि मग आमच्या घरातली शांतता सुरू व्हायची.

आबा आणि तात्या एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक एडका, म्हणजे मेंढा. कळपाच्या पुढे चालणारा, गळ्यात पितळी घंटा असलेला. तात्याने तो आबाला न विचारता विकला, घंटा तेवढी काढून घरी आणली. भावकी बसली, तक्रार झाली, आणि दोघांनीही बिरोबाचा भंडारा उचलून सांगितलं की आता याच्याशी बोलणार नाही. हळद हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात कोणी मागे घेत नाही. त्या दिवशी मी शाळेत होते, त्यामुळे शब्द नेमके काय होते ते मी ऐकलं नाही. आबा घरी येऊन म्हणाला, “आजपून तात्याला काय सांगायचं आसंल त्ये तुह्या तोंडानं,” आणि मी मान डोलावली. पुढे आयुष्यात मी कुठलाही व्यवहार पूर्ण शब्द ऐकल्याशिवाय केला नाही, त्याचं मूळ तिथे आहे.

जेवायला आम्ही एकाच ओळीत बसायचो. आबा भिंतीला टेकून, तात्या त्याच्यापासून दोन हातांवर, मध्ये मी. काकी चुलीपाशी. काकीने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली घ्यायचा, ही आमच्यातली रीतच. त्यामुळे तिचाही आवाज माझ्याच तोंडून जायचा. समोर येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा. आणि आबा आमटीकडे बघत म्हणायचा, “तुह्या तात्याला सांग, लंगडी मेंढी दोन दिसांत व्यायची हाय.” दोन हातांवरच्या तात्याला ते स्वच्छ ऐकू जायचं, पण तो भाकरी मोडत बसायचा. मी म्हणायचे, “तात्या, लंगडी मेंढी दोन दिवसांत व्यायची आहे.” मग तो दचकल्यासारखी मान वर करायचा. “आसं व्हय? थोरल्याला सांग, मला ठावं हाय.”

एकदा मी वैतागून विचारलं, “आबा, त्यांना ऐकू येतंय की. मी परत कामून सांगू?”

“आयकू येनं वायलं, बोलनं वायलं,” आबा म्हणाला. काकी चुलीमागे तोंड दाबून हसली.

पण नुसतं परत सांगून भागायचं नाही. आबा म्हणायचा, “त्या गाढवाला सांग, काटवनात मेंढरं नेऊ नको.” तात्या म्हणायचा, “त्या शहाण्याला म्हनावं, मह्या जल्माच्या आधीपून काटवन तिथंच हाय.” मी गाढव गाळायचे, शहाणा गाळायचे, उरलेलं पुढे द्यायचे. गाळलेला शब्द ज्याला लागायचा त्याने तो ऐकलेला असायचा, पण मी उच्चारला नाही म्हणून तो नव्हताच, असं धरून तो उत्तर द्यायचा. अशी जवळजवळ सहा वर्षं घरात भांडण पेटलं नाही. ते माझ्या जिभेमुळे. त्याबद्दल मला कोणी कधी शाब्बास म्हटलं नाही, आणि मी अपेक्षाही केली नाही. पाण्याच्या पाइपाला कोणी शाब्बास म्हणत नाही.

अकरावीला मी जिंतूरला जाऊ लागले. एसटीने जायचं, एसटीने यायचं. तिथे नागरिकशास्त्राचे पाठक सर होते. परभणीला शाळा-कॉलेजांच्या अभिरूप संसदेची स्पर्धा असायची, म्हणजे मुलांनी खासदार होऊन सभागृह चालवायचं. सरांनी आम्हाला आधी नियम शिकवले. सभागृहात कोणत्याही सदस्याला नावाने हाक मारायची नाही, ‘सन्माननीय सदस्य’ म्हणायचं. समोरच्याला ‘तुम्ही असं केलं’ असं थेट म्हणायचं नाही. जे काही बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून, अध्यक्षांना उद्देशून. ‘खोटं बोलता’ असं म्हणायचं नाही, ‘हे वस्तुस्थितीला धरून नाही’ म्हणायचं. कोणी वाईट शब्द वापरलाच, तर अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकतात, आणि मग तो शब्द बोललाच गेला नाही असं मानतात.

वर्गातली पोरं हसत होती. मी हसले नाही. आमच्या घराबद्दल सरांना कोणी सांगितलं, हेच मला कळेना.

सराव सुरू झाला. दोन पोरं पाण्याच्या प्रश्नावरून खरीखुरी भांडायला लागली, एकाने दुसऱ्याची जात काढली. सर उठणार एवढ्यात मी मागच्या बाकावरून बोलले, “तो शब्द कामकाजातून काढण्यात येत आहे. सन्माननीय सदस्यांचं म्हणणं एवढंच आहे की टाकी वरच्या आळीला आधी का दिली.” मग दुसऱ्याचं उत्तर, त्यातली शिवी गाळून. सर उठून माझ्या बाकापाशी आले.

“हे कुठं शिकलीस तू?”

“घरी, सर.”

त्यांना वाटलं मी थट्टा केली. पण अध्यक्षाच्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं. पोरं मुद्दाम लांबवून “अध्यक्ष महोदयाऽऽ” म्हणायची, आणि मी त्यांना म्हणायचे, “सन्माननीय सदस्यांनी घसा दुखत असल्यास खाली बसावं.” हळूहळू थट्टा थांबली. मुली माझ्या बाकावर बसायला लागल्या असं मात्र नाही. अध्यक्षाची खुर्ची वेगळी असते आणि तिथेही माणूस एकटाच असतो. पण ते एकटेपण उंचावरचं होतं, आणि सतरा वर्षांच्या पोरीला तेवढा फरक पुरतो.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मी रोज एसटीत घोळवत बसायचे. अध्यक्ष चर्चेत भाग घेत नाही. मतही देत नाही. मात्र दोन्ही बाजूंना मतं समान पडली, तर अध्यक्षाला एक मत असतं. निर्णायक मत. मला वाटायचं, आमच्या घरात तर मतं कायम समानच पडतात. इकडे एक, तिकडे एक. मग मला कोणी कधी विचारलं का नाही?

स्पर्धेचं ठरलं तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. परभणीच्या ज्या कॉलेजात स्पर्धा होती तिथे त्यांचे मित्र शिकवायचे. “तू चांगलं केलंस तर बारावीनंतर तिथं तुझी सोय करतो. मुलींचं वसतिगृह आहे. मी स्वतः शब्द टाकतो.” वसतिगृह म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. मी विचारलं, “तिथं मुली एकमेकींशी बोलतात का, सर?” सर हसले. “बोलण्याशिवाय काही करतच नाहीत.”

घरी विषय मांडला, स्पर्धेचा आणि वसतिगृहाचाही. जेवताना, ओळीत मध्ये बसून.

आबा म्हणाला, “तुह्या तात्याला सांग, पोरगी परभनीला जायची म्हनती. त्येचं काय म्हननं हाय?”

तात्या म्हणाला, “थोरल्याला सांग, पोरगी त्येची हाय. त्येनं व्हय म्हनल्यावर मह्यं काय जातंय?”

मी म्हणाले, “आबा, तात्यांची हरकत नाही.”

“हरकत न्हाई आसं म्हनला न्हाई त्यो. मी काय भैरा हाय का?”

“मग तुमचं काय म्हणणं आहे?”

“त्येला सांग, त्यो आधी व्हय म्हनला तर मी व्हय म्हनंन.”

आठ दिवस असंच चाललं. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि मी तो जीव लावून केला. तात्याला कशाची गरज आहे ते मी ओळखलं: त्याची लोकर कातायची राहिली होती. शाळेतून आले की टकळी घेऊन बसायचे, बोटांची सालं निघाली. आबाला सकाळी शेळ्यांचा पाला आणून द्यायला लागले. एकेकाकडून अर्धा अर्धा होकार काढला आणि मध्ये जोडला. शेवटी नवव्या दिवशी तात्या म्हणाला, “थोरल्याला सांग, जाऊ दे पोरीला,” आणि आबा म्हणाला, “त्येला सांग, जाऊ दे म्हनलो म्हून.” काकीने तव्यावरून उतरवलेलं धपाटं माझ्या ताटात टाकलं. “अध्यक्षीनबाई, खावा आता.” ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, धुरामुळे.

सभागृहासाठी घंटा लागते. सदस्याची वेळ संपली की अध्यक्ष ती वाजवतो. शाळेतली घंटी बिघडली होती, म्हणून सर म्हणाले, कोणीतरी आणा. आमच्या घरात खुंटीला एडक्याची घंटा तशीच लटकत होती, भांडणाच्या दिवसापासून कोणी तिला हात लावला नव्हता. मी ती काढली, चिंचेने घासली, ओढणीत गुंडाळली. दोघांनीही बघितलं. अडवलं कोणीच नाही.

त्या सकाळी मी पहिल्या गाडीने जिंतूरला पोचले. आबा आणि तात्या पहाटेच मेंढरं सोडायला गेले होते, असं काकी म्हणाली. स्टॅंडवर सर आणि आमची बाकीची पोरं उभी होती. परभणीची गाडी लागायची होती. सरांनी मला बघितलं आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

“सुंद्रा, तुझे वडील आणि काका आत्ताच मला भेटले. तुला पाठवायचं नाही म्हणतात. आज नाही, पुढेही नाही.”

“दोघे? सर, ते एकमेकांशी बोलत नाहीत.”

“अगं, दोघांनी मिळून सांगितलं. घरच्यांचं एकमत असेल तर मी काय करणार?”

“एकमत? ते बोलतच नाहीत, सर! सहा वर्षं झाली!”

सरांनी नुसता पलीकडे हात केला. स्टॅंडच्या कडेला चहाची टपरी होती. बाकड्यावर आबा आणि तात्या शेजारी शेजारी बसले होते. घोंगड्या एकावर एक ठेवलेल्या. एकच चहा. आबाने कपातला अर्धा बशीत ओतला, बशी तात्याकडे सरकवली. तात्या काहीतरी म्हणाला आणि आबा हसला. मान मागे टाकून, तोंड उघडून. आई गेल्यापासून मी माझ्या बापाचं हसणं ऐकलं नव्हतं. तो कसा हसतो, हेही मी विसरले होते. आणि तो हसत होता त्या माणसाबरोबर, ज्याला मीठ मागायला तो सहा वर्षं माझी जीभ वापरत होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. हसणं थांबलं.

आबा तात्याला म्हणाला, “तू सांग तिला.”

“मी कामून? पोरगी तुही हाय.”

“इच्यार तुहा व्हता.”

“माझ्याशी बोला!” मी ओरडले. टपरीवाला वळून बघायला लागला. “भंडारा उचलला होता ना तुमी?”

तात्याने बशी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता, आबाला समजावल्यासारखं बोलला, “हिला कुनी सांगितलंच न्हाई वाटतं. आमी काय म्हनलो व्हतो? ह्या उंबऱ्याच्या आत बोलनार न्हाई. आत. भायेर बोलाया कुनाची मनाई हाय? रानात दिसभर दोघंच आस्तो. तिथं काय मेंढरांच्या मार्फत बोलावं?”

“मग मला का अडवता?”

आता आबा बोलला, तात्याकडे बघून. “तिला म्हनावं, ती परभनीला ऱ्हायली तर घरात बोलायचं कुनाच्या तोंडानं? तुही बायको मह्याम्होरं तोंड उघडत न्हाई. द्येवाची बोली हाय, मोडता येत न्हाई.”

एवढंच कारण होतं. मला परभणीला जायचं होतं, आणि त्यांना घरात मीठ मागायचं होतं. रानात, माझ्या पाठीमागे, पहिल्याच दिवशी दोघांनी एकमताने ठरवलं होतं, आणि मग आठ दिवस मला मध्ये बसवून एकमेकांवर ढकलत राहिले. पोरगी दमेल म्हणून. दमले नाही, तेव्हा होय म्हणाले आणि पहाटे अंधारातच पायी निघून माझ्याआधी स्टॅंडवर येऊन बसले. सर म्हणायचे, सभागृहात भांडणारे बाहेर एकत्र चहा पितात, त्यात वाईट काही नाही. असेल. पण मग सभागृहात ज्याला खुर्चीत बसवता, त्याला तरी सांगा की खरं कामकाज बाहेर झालं आहे.

परभणीची गाडी लागली. माझ्या जागी उपाध्यक्ष केलेला शाळेच्या कारकुनाचा पोरगा बसणार होता. सर म्हणाले, “घंटा तेवढी दे.” मी दिली नाही. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे उभी होते. मागे टपरीवर दोघे पुन्हा हळू आवाजात बोलायला लागले होते.

त्या संध्याकाळी ओळीत बसलो. आबा म्हणाला, “तुह्या तात्याला सांग, मीठ सरकव.”

मी जेवत राहिले.

“आयकू आलं न्हाई का?”

“सभागृह तहकूब आहे,” मी म्हणाले.

कोणाला अर्थ कळला नाही, पण मी पुढे एक शब्दही इकडून तिकडे नेला नाही. आबाने दोन दिवस मारायची धमकी दिली. मग दोघांनी वाट काढली. काही बोलायचं झालं की एक उठून उंबऱ्याबाहेर जायचा, मागोमाग दुसरा. पाणी मागायला बाहेर, मेंढीचं सांगायला बाहेर. कधी कधी हातात भाकरी घेऊनच. शेजारची माणसं ओट्यावर येऊन बघायची. काकी मला म्हणाली, “तुला खरंच ठावं न्हवतं व्हय गं? साऱ्या गावाला ठावं हाय.” मी तिला विचारलं, “मग तू कामून सांगितलं नाहीस?” ती पीठ मळत राहिली. “तू बोलायचीस तवा घरात आवाज आसायचा. तू गेल्यावर मी कुनाशी बोलले आसते?”

निरोप बंद झाल्यावर मला एक गोष्ट कळली, आणि ती चहाच्या टपरीपेक्षा वाईट होती. त्या घरात मला उद्देशून बोललेलं एकही वाक्य नव्हतं. ‘तुह्या तात्याला सांग’ काढून टाकलं, की आबाकडे माझ्यासाठी काही उरत नव्हतं. जेवलीस का, बोटाला काय झालं, पेपर कसा गेला, काही नाही. मी वाट बघितली. मुद्दाम त्याच्यासमोर बसून वाट बघितली. तो माझ्यावरून नजर फिरवायचा आणि उठून उंबऱ्याबाहेर जायचा.

बारावी मी पुरी केली नाही. बोकड विकायला बाजारात जाऊ लागले, कारण घरात बसवत नव्हतं. लग्न होऊन मानवतला आले. दोन शेळ्यांवर धंदा उभा केला. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला: मध्ये दलाल नको. ज्याचं जनावर, त्याने माझ्या डोळ्यांत बघून माझं नाव घेऊन भाव सांगावा. पुष्कळांना ते झोंबतं. झोंबू दे. हल्ली नातवाने मोबाइलवर संसदेचं कामकाज लावून दिलं आहे. तिथले लोक बोटं नाचवतात, एकमेकांना अरेतुरे करतात, अध्यक्षांकडे ढुंकून बघत नाहीत. मी मोबाइलवरच ओरडते, “खुर्चीकडे बघून बोला!” नातू हसतो. त्याला काय सांगू, की मध्ये बसलेल्याकडे कोणी बघत नाही तेव्हा त्याला काय वाटतं.

आबा रानातच वारला. मेंढरं चारताना छातीत कळ आली, जवळ फक्त तात्या होता. गाव लांब, कळ आल्यावर घडीभर तरी तो शुद्धीवर असणार, असं डॉक्टर म्हणाले. ते रान होतं, उंबरा नव्हता. दोघे बोलले असणार. मी पोचले तेव्हा तात्या घोंगडी पांघरून बसला होता. मी विचारलं, “आबा काही म्हणाले का? माझ्यासाठी?” त्याने मान फिरवली.

आता तात्या ताडकळसला काकीच्या भाच्याकडे असतो. काकी नाही. वय झालंय, पण कान शाबूत आहेत. गेल्या महिन्यात मी बसने गेले, त्याच्या खाटेसमोर बसले आणि तेच पुन्हा विचारलं. तो भाच्याकडे वळला आणि म्हणाला, “तिला सांग, थोरला कायच बोलला न्हाई.”

हे वस्तुस्थितीला धरून नाही. तात्या, मी सौदे करून म्हातारी झाले आहे. माणूस कुठल्या शब्दाला डोळे खाली घालतो ते मला कळतं.

तुमचा भाचा हे मी लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा त्याच्याकडे बघू नका. भंडारा तुम्ही आबाशी न बोलण्याचा उचलला होता, माझ्याशी नाही. तो उंबराही आता राहिला नाही. सहा वर्षं मी तुम्हा दोघांचे निरोप वाहिले. शिव्या गाळल्या, पण निरोप एकही बुडवला नाही. तुम्हाला आयुष्यात माझा एकच निरोप वाहायचा होता. तो कुठे आहे? बाप मरताना माझं नाव घेऊन काय म्हणाला? काहीच म्हणाला नसेल, तर तेही माझ्या तोंडाकडे बघून सांगा. एडक्याची घंटा माझ्याजवळ आहे. येत्या बाजारानंतर ती घेऊन मी ताडकळसला येणार आहे. वेळ संपत आली आहे, तात्या. उत्तर द्या.